पितळी रेल्वे इंजिने : आधी नोंदणी, मग घडण

कॅसलरॉक हे आपल्या जोयडा तालुक्यातले स्टेशन. तिथून कुळेपर्यंतचा २६ किलोमीटरचा घाट आणि वाटेतला दूधसागर सभासदांना ठाऊकच आहे. १९९०च्या दशकापर्यंत इथे मीटरगेज होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनाची पितळी प्रतिकृती घरी असावी, असे कुणाला वाटले, तर ती दुकानात मिळणे कठीण. ही इंजिने सहसा आधी घडवून मग विकत नाहीत.

प्लास्टिकच्या मॉडेलसाठी पोलादी साचे करावे लागतात. तो खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो. पितळी इंजिनाचा पातळ पत्रा रसायनाने कोरतात, दिवे, घंटा, पंप असे बारीक भाग मेणाच्या नमुन्यावरून ओततात (बस्तरच्या डोकरा मूर्तींचे तत्त्व तेच), आणि सगळे हाताने डाख देऊन जोडतात. त्यामुळे शे-दोनशे नगांचा एकच घाणा काढणेही शक्य होते. मात्र प्रत्येक नगाला कारागिराचे तास लागतात, म्हणून न विकलेला नग फार महाग पडतो.

यावर व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे नोंदणी. मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलत माहीत आहे. हा प्रकार त्याच जातीचा. आयातदार एखादे इंजिन जाहीर करतो, दुकानदार व संग्राहक नावे नोंदवतात, कधी आगाऊ रक्कमही देतात. पुरेशी नावे आली तर कारखान्याला काम मिळते. पहिला नमुना तपासून दुरुस्त होतो आणि नोंदणीइतके, वर थोडे नग बनतात. दुसरा घाणा क्वचितच निघतो. एकाच इंजिनाचे रंग किंवा टेंडर वेगळे असतील, तर ज्याला नावे कमी तो प्रकार गळतो.

महायुद्धानंतर हे काम जपानमध्ये वाढले. टोकियोतील तेन्शोदो आणि अमेरिकेतील पॅसिफिक फास्ट मेल ही त्या काळची मोठी नावे. जपानमधली मजुरी आणि येनचा भाव चढल्यावर काम कोरियाकडे गेले, तिथे सामहोंग्सासारखे कारखाने नावारूपाला आले. पुढे चीनमध्येही काम सुरू झाले.

यात धोका ग्राहकाचाही असतो. नोंदणी ते हातात इंजिन यांत वर्षे जाऊ शकतात, किंमत मधेच वाढते, काही इंजिने जाहीर होऊनही बनतच नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: किंमत कायम आहे का, नमुना कधी दाखवणार, बेत रद्द झाला तर रक्कम परत मिळेल का. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर थांबलेले बरे.

इंजिन किती नामवंत होते याला इथे फारशी किंमत नाही. नावे किती आली ते पाहतात. अमेरिकेतल्या इंजिनांना ती मिळतात, कारण हौशी तिथे पुष्कळ. आपल्या मीटरगेजला मुळात रूळच वेगळा: १:८७ प्रमाणात मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ वापरतात, नेहमीचा १६.५चा. म्हणजे घाटातले इंजिन हवे असणाऱ्याला रुळापासून जमवाजमव करावी लागेल, आणि आपल्यासारखेच आणखी काही डझन वेडे शोधावे लागतील.

लघुरेल्वेचे जग आधी डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पुण्यात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये सुरू झाले. मुलांना घेऊन जावे.