मोटारीचा ऑइल फिल्टर

ऑइल फिल्टर किंवा तेलगाळणी हा मोटारीच्या अंतर्ज्वलन इंजिनातील वंगण तेल गाळून स्वच्छ ठेवणारा आणि ठरावीक काळाने बदलावा लागणारा सुटा भाग आहे. तो बाजारात दोन प्रकारे मिळतो. मोटार कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फिल्टरला 'मूळ' किंवा 'जेन्युइन' म्हणतात, तर इतर उत्पादकांनी स्वतःच्या नावाने विकलेल्या फिल्टरला 'पर्यायी' किंवा 'आफ्टरमार्केट' म्हणतात. गॅरेजच्या बोलीत यांना 'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' अशी नावे आहेत. फिल्टरची योग्यता खोक्यावरील नावापेक्षा, तो त्या इंजिनाच्या निर्धारित मोजमापांना उतरतो की नाही यावर अवलंबून असते.

## कार्य

इंजिन चालू असताना धातूचे सूक्ष्म कण, ज्वलनातून येणारी काजळी, हवेतील धूळ आणि तेलाच्या विघटनातून होणारा गाळ वंगण तेलात मिसळत राहतो. ऑइल पंप तळाच्या टाकीतील तेल उचलून दाबाने फिल्टरमधून पाठवतो. गाळलेले तेल पुढे क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांची बेअरिंगे व इतर फिरत्या भागांपर्यंत पोहोचते. बेअरिंगमधील तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा असू शकतो. मानवी केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, हे लक्षात घेता इंजिनाची झीज करणारे बहुसंख्य कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

फिल्टरला परस्परविरोधी तीन कामे एकाच वेळी करावी लागतात: बारीक कण अडवणे, तेलाचा प्रवाह न अडवणे आणि पुढील बदलापर्यंत अडवलेला कचरा साठवून ठेवणे. गाळणी अतिशय बारीक केली तर प्रवाहाला अडथळा होतो व ती लवकर तुंबते. सैल ठेवली तर कण निसटतात. म्हणून सर्वांत बारीक गाळणारा फिल्टर प्रत्येक इंजिनासाठी सर्वोत्तम असतोच असे नाही.

## रचना

मोटारींत मुख्यतः दोन प्रकारचे फिल्टर आढळतात. पत्र्याच्या डब्यात बंद असलेला व इंजिनावर आट्यांनी बसवला जाणारा फिल्टर 'स्पिन-ऑन' म्हणून ओळखला जातो. तो डब्यासकट बदलतात. दुसऱ्या प्रकारात इंजिनावरील घर कायम राहते आणि आतील गाळणपट्टीचा संच, म्हणजे 'कार्ट्रिज' किंवा 'एलिमेंट', तेवढा बदलला जातो.

फिल्टरचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

* गाळणमाध्यम: राळयुक्त सेल्युलोजचा कागद, कृत्रिम तंतू किंवा दोहोंचे मिश्रण. कमी जागेत अधिक क्षेत्रफळ मिळावे म्हणून त्याला चुण्या घातलेल्या असतात.
* बायपास झडप: थंडीत तेल घट्ट असताना किंवा माध्यम तुंबल्यावर ही झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे जाऊ देते. अस्वच्छ तेल मिळणे हे तेलच न मिळण्यापेक्षा कमी घातक असते. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या अंगातच असते.
* परतीरोधक झडप: इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल ओघळून रिकामे होऊ नये यासाठी बसवलेला रबरी पडदा. तो नायट्राइल रबराचा किंवा सिलिकोनचा असतो. सिलिकोन उष्णतेत अधिक काळ लवचीक राहते.
* गास्केट: तेलाची गळती रोखणारी रबरी कडी.

## इतिहास

सुरुवातीच्या मोटारींत तेल गाळण्याची सोय एखाद्या जाळीपुरतीच असे. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तेलगाळणी विकसित केली. ती 'प्युरोलेटर' या नावाने बाजारात आली. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तेलगाळणी बसवलेली होती. आरंभीच्या अनेक योजनांत तेलाचा थोडाच भाग गाळणीतून जाई. पुढे बेअरिंगांकडे जाणारे सर्व तेल गाळणारी 'पूर्णप्रवाही' पद्धत रूढ झाली. १९५० च्या दशकात आलेल्या स्पिन-ऑन फिल्टरमुळे बदलण्याचे काम सोपे झाले आणि सुट्या फिल्टरची स्वतंत्र बाजारपेठ वाढली.

## मूळ व पर्यायी फिल्टर

मोटार कंपन्या बहुधा स्वतः फिल्टर बनवत नाहीत. त्यांनी ठरवलेल्या मोजमापांनुसार विशेषज्ञ उत्पादक ते बनवतात आणि मोटार कंपनीच्या वेष्टनात पुरवतात. जर्मनीतील माले, मान अँड हुमेल व बॉश यांसारख्या कंपन्या मोटार उत्पादकांनाही माल पुरवतात आणि खुल्या बाजारातही स्वतःच्या नावाने विकतात. त्यामुळे 'मूळ' आणि 'पर्यायी' यांतील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही. व्यवहारात चार गट पडतात.

१. मोटार कंपनीच्या वेष्टनातील मूळ फिल्टर.
२. मोटार कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला फिल्टर.
३. इतर नामांकित उत्पादकांचा, विशिष्ट इंजिनासाठी सूचित केलेला फिल्टर.
४. उत्पादकाचा ठावठिकाणा किंवा मोजमापे स्पष्ट नसलेला स्वस्त फिल्टर.

मूळ फिल्टरचा मोठा फायदा असा की, तो त्या इंजिनासाठी योग्य आहे का, याची खातरजमा ग्राहकाला करावी लागत नाही. किमतीत मात्र मोटार कंपनीच्या वितरणाचा खर्च व नफा मिळवलेला असतो. दुसऱ्या व तिसऱ्या गटांतील फिल्टर कमी किमतीत तुल्य, क्वचित अधिक चांगली कामगिरी देऊ शकतात. मात्र योग्य क्रमांक शोधण्याची जबाबदारी ग्राहकावर किंवा मेकॅनिकवर येते. दुसऱ्या गटातील फिल्टर मूळ फिल्टरशी सर्व बाबतींत एकरूप असेलच असेही नाही, कारण एकच उत्पादक वेगवेगळ्या मोजमापांचा माल बनवू शकतो. चौथ्या गटात वाचणारी रक्कम अल्प असते, तर इंजिनाच्या दुरुस्तीचा संभाव्य खर्च फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

## गुणवत्तेचे मोजमाप

पूर्णप्रवाही फिल्टरची गाळणक्षमता व कचरा साठवण्याची क्षमता 'आयएसओ ४५४८-१२' या आंतरराष्ट्रीय मानकातील चाचणीने मोजतात. विशिष्ट आकाराचे किती कण फिल्टरपूर्वी होते व किती फिल्टरनंतर उरले, यांच्या गुणोत्तराला 'बीटा गुणोत्तर' म्हणतात. १०० कणांपैकी ५० निसटले तर हे गुणोत्तर २ आणि कार्यक्षमता ५० टक्के होते. ५ निसटले तर गुणोत्तर २० आणि कार्यक्षमता ९५ टक्के होते.

कणांचा आकार सांगितल्याशिवाय हे आकडे निरर्थक ठरतात. '९९ टक्के कार्यक्षम' असा दावा ४० मायक्रॉनच्या कणांसाठी असेल, तर २० मायक्रॉनच्या कणांबाबत त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दोन फिल्टरांची तुलना एकाच आकाराच्या कणांसाठी व एकाच मानकानुसार केली तरच ती ग्राह्य असते.

## निवडीचे निकष

* क्रमांकाची जुळणी: मोटारीचे मॉडेल, उत्पादनवर्ष व इंजिनाचा प्रकार पाहून फिल्टरचा क्रमांक उत्पादकाच्या यादीत पडताळतात. एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल इंजिनांचे फिल्टर वेगळे असू शकतात.
* आटे: बाह्यरूप सारखे दिसूनही आटे भिन्न असू शकतात. २० मिलिमीटर व्यासाचे १.५ मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे आणि पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ असलेले आटे, हे दोन्ही प्रकार प्रचलित आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर होत असल्याने हा फरक नुसत्या नजरेला कळत नाही.
* बायपास झडपेचा दाब: झडप निर्धारित दाबापूर्वी उघडल्यास न गाळलेले तेल वारंवार इंजिनात जाते. ती फार उशिरा उघडल्यास तेल कमी पडू शकते किंवा माध्यम फाटू शकते.
* परतीरोधक झडप: फिल्टर आडवा किंवा उलटा बसणाऱ्या इंजिनांत हिचे महत्त्व अधिक असते. ती निकामी असल्यास इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखडाट ऐकू येऊ शकतो.
* बदलण्याचा कालावधी: जास्त अंतरानंतर तेल बदलायचे असल्यास फिल्टरही तेवढा काळ टिकणारा असावा लागतो.

## बनावट फिल्टर

पर्यायी फिल्टर आणि बनावट फिल्टर या भिन्न गोष्टी आहेत. पर्यायी फिल्टर उत्पादकाच्या खऱ्या नावाने व कायदेशीररीत्या विकला जातो, तर बनावट किंवा 'डुप्लिकेट' फिल्टरवर दुसऱ्याचे नाव छापलेले असते. अनेकदा नकल महाग व खपाऊ नावाचीच केली जाते. म्हणून 'कंपनीचा' फिल्टर मागणारा ग्राहकही फसू शकतो. पुसट छपाई, उत्पादकाचा पत्ता किंवा कमाल किरकोळ किंमत नसणे, नेहमीपेक्षा कमी वजन आणि असमान चुण्या ही संशयाची चिन्हे होत. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर खरेदी करणे हा अधिक भरवशाचा उपाय मानला जातो. भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह वापरणे हा दंडनीय गुन्हा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

## हमी आणि कायदा

पर्यायी भाग वापरल्यास मोटारीची हमी संपूर्णपणे रद्द होते, असा समज प्रचलित आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी अधिनियमानुसार, विशिष्ट नावाचाच भाग वापरण्याची अट हमीला जोडण्यास सामान्यतः मनाई आहे; असा भाग विनामूल्य दिला जात असल्यास किंवा विशेष परवानगी असल्यास अपवाद होतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात उपलब्ध न करणे हा त्यातील मुख्य आक्षेप होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून हमी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. या आदेशाला काही कंपन्यांनी आव्हान दिले. हमीच्या काळात पर्यायी फिल्टर वापरताना त्याचा क्रमांक, खरेदीची पावती व बदलल्याची तारीख जपून ठेवणे हितावह असते.

## बदलताना घ्यायची काळजी

उत्तम फिल्टरही चुकीच्या रीतीने बसवल्यास घातक ठरतो. जुने गास्केट इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर दाबामुळे तेल वेगाने गळून इंजिन निकामी होऊ शकते. नव्या गास्केटला स्वच्छ तेलाचा हात लावून, फिल्टर हाताने फिरवून उत्पादकाने सांगितल्याइतकाच आवळतात. कार्ट्रिज प्रकारात घराच्या झाकणावरील रबरी कडीही बदलावी लागते. काम संपल्यावर इंजिन काही वेळ चालवून गळती व तेलाची पातळी तपासतात. काढलेल्या फिल्टरमध्ये वापरलेले तेल शिल्लक असते. ते माती व पाणी दूषित करते, म्हणून फिल्टर निथळवून, तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावा लागतो.

## हे सुद्धा पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* वंगण
* बेअरिंग
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९