पुण्यातली दोन चर्चं, दोन वरिष्ठ

माझा विषय सांगितला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चर्च म्हणजे इंग्रजांनी आणलेलं." पुण्यात मात्र इंग्रजांचा अंमल येण्याआधीच चर्च उभं राहिलं होतं.

नाना पेठेतलं, क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेत तेव्हा गोव्याकडचे ख्रिस्ती लोकही होते. त्यांच्यातले एक अधिकारी, दों मिगेल द नोरोन्या, यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी चर्चला जागा दिली. धर्मगुरू आले गोव्याहून. त्यामुळे हे चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅम्प वसला. इंग्रज फौजेतले बरेच आयरिश शिपाई कॅथॉलिक होते. त्यांच्यासाठी १८५० साली सेंट पॅट्रिक्स बांधलं गेलं. पण हे चर्च गोव्याकडे नव्हतं, मुंबईच्या व्हिकर अपोस्टोलिककडे होतं.

धर्म एक, पंथ एक, मग वरिष्ठ दोन कसे? पूर्वेकडच्या चर्चचा खर्च उचलायचा आणि बदल्यात बिशपपदासाठी नावं सुचवायची, असा हक्क पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला 'पाद्रोआदो' म्हणतात. पुढे पोर्तुगालची ताकद घटली, तसं रोमने 'प्रोपागंडा फिदे' या खात्यामार्फत (स्थापना १६२२) थेट आपली माणसं नेमायला सुरुवात केली. हक्क कोणीच सोडेना. ते भांडण पुण्यातही येऊन पोचलं.

१८८६ मध्ये तेरावे लिओ यांनी नवी घडी बसवली. मुंबई महाधर्मप्रांत झाला आणि पुणे स्वतंत्र धर्मप्रांत. पहिले बिशप बायडर-लिंडेन हे जर्मन जेझुइट होते. पुणे आजही मुंबईच्या प्रांतात मोडतं, पण म्हणून मुंबईचे आर्चबिशप पुण्याचा कारभार चालवत नाहीत. तो पुण्याचे बिशपच पाहतात.

हा सगळा तपशील कोरडा वाटेल. पण जुन्या पुण्यातल्या एखाद्या कॅथॉलिक घराची माहिती काढायची, तर पहिला प्रश्न हाच असतो: ते चर्च तेव्हा कोणाकडे होतं? उत्तर 'गोवा' असेल, तर शोध पेशव्यांच्या फौजेपर्यंत मागे जाऊ शकतो. सगळंच इंग्रजांच्या नावावर टाकलं, तर ही माणसं पुण्याच्या इतिहासातून गळतात.