गावाने राखलेला गुत्ता

गुत्ता म्हटला की आपल्याकडे सभ्य माणूस पाऊल झपझप उचलतो. इंग्लंडातील खेड्यातला 'पब' मात्र निराळा. त्याचे पूर्ण नावच 'पब्लिक हाउस'. म्हणजे चारचौघांचे घर!

कंब्रियाच्या डोंगराळ मुलखात हेस्केट न्यूमार्केट हे चिमुकले खेडे आहे. १८५७ साली डिकन्स आणि विल्की कॉलिन्स शेजारचा कॅरक फेल डोंगर चढायला आले, ते याच गावी उतरले. त्यांची पांथशाळा आज नाही. 'ओल्ड क्राउन' नावाचा पब मात्र टिकला. १९८८ साली त्याच्या मागच्या कोठारात बिअरचा छोटासा कारखाना निघाला. १९९९ साली तो गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने घेतला, आणि २००३ साली शंभरावर लोकांनी भाग घेऊन पबही विकत घेतला. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झालेला पाहणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय?

नवल आहे ते हेतूचे. दारूने उजाड झालेली घरे मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. त्या पेल्याचे गुणगान माझ्याने होणार नाही. पण पेला दुकानातही मिळतो. या लोकांनी पैसे मोजले ते संध्याकाळी एकमेकांची तोंडे दिसावीत म्हणून.

आपल्या गावचा पार असा ओस पडू लागला, तर त्यासाठी वर्गणी काढायला आपल्यातले किती जण उठतील?