निम्म्या चांदीचा रुपया

जुन्या नाण्यांच्या बाजारात राणीछाप रुपयाचा मान मोठा. १९४० ते १९४५ या काळातला सहाव्या जॉर्जचा रुपया मात्र सराफ नाक मुरडूनच हातात घेतो, कारण त्यात चांदी निम्मीच. वितळवणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. संग्राहकानेही तीच फूटपट्टी वापरावी, हे मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाचा हिंदुस्थानातला पुरावा म्हणून हाच रुपया अधिक बोलका आहे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोक नोटा देऊन रोकड रुपये मागू लागले. गरजेपेक्षा जास्त नाणी घेणे हा सरकारने गुन्हा ठरवला, मग एक रुपयाची नोट आणली आणि वर्षाअखेरीस वजन तेच, एक तोळा, ठेवून चांदीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० वर उतरवले. उरलेला भाग तांबे, निकेल आणि जस्त यांचा.

ही उघड फसवणूकच नव्हे का? तसे म्हणणाऱ्यांनी १८९३ विसरू नये. त्या वर्षी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, आणि तेव्हापासून रुपयाची किंमत धातूवर नव्हे, सरकारी हुकमावर चालली. उलट धोका वेगळाच होता. १९१७ मध्ये लंडनला चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली तेव्हा रुपया खर्चण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेकडून चांदी आणून सरकारला वेळ निभवावी लागली. १९४० चा निर्णय त्या अनुभवातून आला. जुनी अस्सल नाणी १९४१ पासून टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाली, ती याच धोरणाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे रुपये ढिगाने पाडले गेले, मग त्यांचे अप्रूप कसले? दुर्मीळ ते नाहीतच. पण किती पाडले आणि किती उरले, हे दोन हिशेब वेगळे. युद्धकाळात अमेरिकेने उधार दिलेली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी चांदीच्याच रूपात परत करायची होती. त्यासाठी स्वातंत्र्यानंतर हेच मिश्रधातूचे रुपये गोळा करून कलकत्त्यात त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. आज हाती येतो तो त्या परतफेडीतून सुटलेला माल. संग्राहकाने तो चांदीच्या भावाने तोलण्यापेक्षा कडेवरची, खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून घातलेली खाच पाहावी आणि टांकसाळीची खूणही शोधावी. लाहोरची खूण तर युद्धातच सुरू झालेल्या टांकसाळीची आहे. १९४७ चा रुपया निकेलचा निघाला, त्यात चांदीचा कणही नव्हता.