गोटा टायरचं ॲव्हरेज

पुण्याहून नगर रस्त्याला लागलं की वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर येतं. सोलापूर रस्त्याला लागलं की उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस आणि मग डावीकडे आत दौंड. दोन्ही रस्त्यांच्या कडेला टायरची दुकानं आहेत. दुकान कुठलंही असो, एक तक्रार तिथे हमखास ऐकू येते : ‘नवे टायर टाकले आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं.’ तक्रार करणारा बहुधा संसारी माणूस असतो. डिकी असलेली मध्यम आकाराची गाडी, घरात चार-पाच माणसं, महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब तोंडपाठ. या तक्रारीतून तो एक निष्कर्षही काढतो : जुने टायर गोटा झाले असले, तरी आणखी एक पावसाळा ओढायला हरकत नव्हती.

तक्रार खोटी नाही. निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा आहे. तक्रारीतलं खरं किती आणि भास किती, हे समजून घ्यायचं तर टायर आणि इंधन यांच्या नात्याचा इतिहास पाहावा लागतो. तो शोधायला फार लांब जायला नको. त्यातला बराचसा याच दोन रस्त्यांवर सापडतो.

बैलांना कळलेली गोष्ट

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रबरी टायरची गाडी आल्यावर काय बदललं हे सांगावं लागत नाही. धावेची गाडी मातीत रुतायची, प्रत्येक दगडावर आदळायची आणि त्या धक्क्यांची किंमत बैलांच्या खांद्यांनी चुकवायची. हवेच्या टायरवर तीच जोडी जास्त ऊस ओढू लागली. न्हावऱ्याचा घोडगंगा किंवा पाटसचा भीमा, अशा कारखान्यांच्या वाटेवर हंगामात टायरगाड्यांच्या रांगा लागायच्या. बैलाचं इंधन म्हणजे वैरण, आणि टायरमुळे ती वाचते हे ऊसवाहतूक करणाऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

हवेच्या टायरची कल्पना १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने पेटंट करून ठेवली होती; पण ती चालली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध नव्याने लावला. डनलॉप पेशाने जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या शोधाने पुढे आपल्याकडच्या बैलांचेही खांदे हलके केले, हा योग छान जुळून आला.

पण रबर फुकटात काही देत नाही. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. चपटं होताना रबर जेवढी ऊर्जा घेतं, तेवढी सगळी परत देत नाही. उरलेली उष्णता होते. दौंडहून पुण्याला येऊन टायरला हात लावला तर तो गरम लागतो. ते आपलंच पेट्रोल. गाडी रेटताना टायरमध्ये होणारा हा ऱ्हास कमी करणं, एवढीच टायर आणि इंधनबचतीची सगळी कथा आहे.

कुर्ल्याची फियाट

मराठी मध्यमवर्गाची पहिली खरी कौटुंबिक गाडी म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. दौंडशेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे साखरेचं गाव त्यांचंच. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ‘इलेव्हन हंड्रेड’ रस्त्यावर आली. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, वजन सुमारे नऊशे किलो, टायर ५.२०-१४. म्हणजे रुंदी सव्वापाच इंचांच्या आत.

हे टायर क्रॉसप्लाय पद्धतीचे होते. आत कापडाचे थर तिरके, एकमेकांना छेद देत बसवलेले असतात. टायरची बाजू आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच अंगाचे असल्याने बाजू दबली की तळही वळवळतो, थरावर थर घासतो. उष्णता जास्त, झीज जास्त.

तेव्हाची काटकसर मात्र पेट्रोलची कमी आणि टायरची जास्त होती. गाडीसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. टायरही जपूनच वापरायची वस्तू होती. म्हणून ट्यूबला ठिगळावर ठिगळ, टायर झिजला की रिट्रेडिंग, आणि ठरावीक किलोमीटरनंतर स्टेपनीसकट पाचही चाकांची अदलाबदल. ‘स्टेपनी’ हा आपण घरचाच मानलेला शब्द मुळात वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपल्याकडे टिकला. जादा चाकाची गरज आपल्या रस्त्यांनी संपू दिली नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

टायर शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायची सवय त्या काळातली. टंचाईत ती शहाणपणाची होती. तेव्हाच्या फियाटचा वेग, रस्त्यावरची तुरळक वाहतूक पाहता ती बऱ्याचदा निभावूनही गेली. गाड्या बदलल्या, रस्ते चौपदरी झाले; सवय मात्र वारशाने पुढे आली.

रेडियल आणि तेलाचा भडका

दरम्यान फ्रान्समध्ये मिशलिन कंपनीने जून १९४६ मध्ये एका वेगळ्या टायरचं पेटंट घेतलं होतं. मारिउस मिन्योल या कर्मचाऱ्याच्या प्रयोगांतून तो आला. यात आतले धागे तिरके नसून एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरळ जातात आणि तळाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू मऊ, तळ ताठ. बाजू कितीही लवली तरी तळ रस्त्याला सपाट चिकटून राहतो. हा रेडियल टायर १९४९ मध्ये बाजारात आला. तो जास्त टिकायचा, रस्ता घट्ट धरायचा आणि कमी तापायचा, म्हणजेच कमी इंधन खायचा.

तरीही जगाला त्याची निकड पटली ती १९७३ मध्ये. ऑक्टोबरच्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरच्या आसपासवरून जवळजवळ बारावर गेला. आपल्याकडे त्या नोव्हेंबरात पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेत याच दशकात क्रॉसप्लाय मागे पडून रेडियल आला. भारतात मोटारींसाठी रेडियल सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बनू लागला. पण घरोघरच्या गाडीखाली तो सर्रास दिसायला नव्वदचं दशक उजाडलं.

रांजणगावचं फाटक

पुढचा अंक शिरूर तालुक्यातच घडला. फियाटचं भारतातलं उत्पादन कुर्ल्याहून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आलं. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ठाऊक असलेल्या या गावात टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतला कारखाना उभा राहिला, आणि जानेवारी २००९ मध्ये तिथे बनलेली लिनिया बाजारात आली. पद्मिनीची नात म्हणावी अशी, पण अंगाने भरलेली सेडान. तिचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन इंधन जपून वापरण्याबद्दल नावाजलं गेलं. त्याच घराण्याचं इंजिन मारुतीच्या आणि टाटांच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे एका पिढीची ‘ॲव्हरेज’ची कल्पनाच या इंजिनावर घडली. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा ते थांबलं.

लिनियाही गेली. २०१७ पासून त्याच फाटकातून जीप कंपास बाहेर पडते आहे. तिच्या २२५ मिलिमीटर रुंद टायरशेजारी पद्मिनीचा १३२ मिलिमीटरचा टायर ठेवून पाहावा. रबराच्या शास्त्राने जे वाचवलं, त्यातलं बरंचसं आपण वजन, उंची आणि रुंदीत खर्च करून टाकलं. मध्यम सेडान या हिशेबात अजूनही समजूतदार गाडी आहे : बुटकी, हलकी, वारा कापणारी.

ॲव्हरेज पडतं म्हणजे काय होतं?

आता मूळ तक्रारीकडे. गाडीचा किलोमीटर मोजणारा आकडा रस्ता मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. झिजून ती दोनवर आली की चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरने घटते. साधारण तीनशे मिलिमीटरच्या त्रिज्येत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास जातं. चाक लहान झाल्यामुळे तेवढ्याच रस्त्याला ते जास्त फेरे घेतं आणि खरे शंभर किलोमीटर आकड्यावर एकशेदीड-एकशेदोन दिसतात. म्हणजे गोटा टायरच्या ॲव्हरेजमधला दीड-दोन टक्क्यांचा वाटा निव्वळ भास आहे. नवे टायर पडल्यावर तो भास संपतो आणि आपण म्हणतो, ॲव्हरेज पडलं.

एक माप मोठे टायर टाकणाऱ्यांचंही असंच होतं. १७५/६५ आर १४ च्या जागी १८५/६५ आर १४ बसवला तर चाकाचा व्यास सव्वादोन टक्क्यांनी वाढतो, आकडा तेवढा कमी दाखवतो, आणि दोष टायर कंपनीला जातो.

उरलेला भाग खरा आहे. झिजलेल्या टायरमध्ये दबायला आणि तापायला रबरच कमी असतं, म्हणून तो हलका लोळतो. पण ते कमी झालेलं रबर म्हणजेच नक्षी, आणि नक्षीचं काम पावसाचं पाणी बाजूला सारण्याचं. जुलैत भरधाव सेडान पाण्याच्या थरावर चढली की गोटा टायरला पाणी सारायला खाचाच उरलेल्या नसतात. टायर रस्ता सोडतो, आणि मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते उरतात. लिटरमागे अर्ध्या किलोमीटरची ही बचत घरच्या पाच माणसांच्या जिवावर केलेली असते. १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवणारे उंचवटे टायरच्या खाचांतच असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायदाही तेच सांगतो.

पकड हवी तर इंधन जास्त, इंधन वाचवायचं तर पकड कमी, ही अडवणूक बरीच वर्षं होती. १९९२ मध्ये मिशलिनने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरलेला टायर आणला आणि दोन्ही एकत्र साधण्याची वाट उघडली. आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये लोळण्यातला विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींसाठी टायरना मानकं घालून दिली.

हिशेब

मग चांगल्या टायरने वाचतं किती? अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा : लोळण्यातला विरोध दहा टक्क्यांनी घटला तर इंधन एक ते दोन टक्के वाचतं. वर्षाला बारा हजार किलोमीटर आणि लिटरला पंधरा धरलं तर आठशे लिटर लागतात. त्यातले वाचणार आठ ते सोळा लिटर. वाईट नाही, पण दुकानातला फलक जेवढं सुचवतो तेवढंही नाही.

याच्या शेजारी हवेचा हिशेब ठेवा. चारही टायरमध्ये एकेक पीएसआय हवा कमी झाली की इंधनाचं सुमारे ०.२ टक्के नुकसान होतं. सहा पीएसआय कमी असेल, आणि महिनोन्‌महिने न तपासलेल्या टायरमध्ये ती सहज असते, तर वर्षाकाठी दहाएक लिटर गेले. म्हणजे महागडा टायर जेवढं देतो, जवळपास तेवढंच साधी हवा देते. पेट्रोल पंपावर ती फुकट मिळायला हवी असा नियमच आहे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याआधी एवढं आठवावं की साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. शिवाय कमी हवेचा टायर बाजूने जास्त लवतो, जास्त तापतो. मे महिन्यातल्या दुपारी सोलापूर रस्त्यावर टायर फुटण्याची तयारी अशी आधीपासून चालू असते.

सध्या ॲव्हरेज पडण्याला आणखी एक कारण मिळालं आहे, आणि तेही याच मातीतलं. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प झाले. आता वीस टक्के मिश्रण देशभर आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडी घट अटळ. दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला त्यात उसाचा भाव दिसतो, गाडीवाल्याला टाकी लवकर रिकामी झालेली दिसते. आणि इथे ही दोन्ही माणसं बऱ्याचदा एकच असतात. याच महिन्यात टायर बदलले असतील, तर इंधनाचा दोषही टायरच्या नावावर लिहिला जातो.

म्हणून नवे टायर टाकल्यावर एक-दोन टाक्या जाऊ द्याव्यात. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. अलाइनमेंट करून घ्यावी. शंभरच्या जागी ऐंशीने चालवावं. त्यातून वाचणारं पेट्रोल कुठल्याही टायरपेक्षा जास्त असतं. आजोबांनी टायर शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले, कारण तेव्हा टायर मिळत नव्हते. आज ते मिळतात. त्यांची काटकसर पुढे चालवायची असेल, तर ती हवेच्या नळीशी करावी, नक्षीशी नाही.