घराचा गारवा आणि नूतनीकरण

जुन्या घराचे नूतनीकरण करावयाचे ठरले, की पहिला घाव बहुधा कौलांवर पडतो. सायली-सिल्वासाचा मुलूखही यास अपवाद नाही. १७७९ च्या तहानंतर मराठ्यांकडून नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. राज्यकर्ते बदलले, तरी येथील घराचे छप्पर दीर्घकाळ उतरतेच राहिले. पावसाइतकेच त्याचे कारण उन्हाळा हेही होते.

वारली आणि कोकणा कुटुंबांच्या घरांना कारवीचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप असे. मराठी घरात पडवी, ओटी, माजघर आणि वर माळा असे. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे नळीच्या कौलांच्या जोडीला मंगळुरी कौले आली. गारव्याचे तत्त्व मात्र तेच राहिले. तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई. माळा उन्हाची धग अडवी आणि पडवी भिंतींवर सावली धरी. चूल मागील बाजूस व पाणी तापविण्याचा बंब परसात असल्याने त्यांची उष्णता राहत्या खोल्यांत शिरत नसे.

याउलट, विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रणेतून आधुनिक वातानुकूलन उदयास आले. ओलसर हवेने कागद फुगू नये, हा तिचा मूळ हेतू. अशा यंत्राचा गारवा टिकावयाचा, तर खोली बंदिस्त हवी.

जुने घर उष्ण हवा बाहेर सोडून गार राहते. यंत्र थंड हवा आत कोंडून खोली गार करते. नूतनीकरणात ही दोन परस्परविरुद्ध तत्त्वे सरमिसळ झाली, की दोन्हींचा लाभ हातचा जातो. फटी असलेल्या कौलांखाली यंत्र विजेची उधळपट्टी करते. आणि कौले काढून घातलेला काँक्रीटचा स्लॅब दिवसभर शोषलेले ऊन रात्री खोलीत सोडत राहतो.

म्हणून यंत्र बसवावयाचेच असेल, तर एखादीच खोली स्वतंत्र छत घालून बंदिस्त करावी. तिच्यावरील माळ्यातून वारा खेळता ठेवावा आणि उरलेले घर मोकळे राहू द्यावे. पूर्वजांच्या घराचा प्रत्येक भाग जपणे आपणांस शक्य नाही. तथापि कोणता भाग काय काम करीत होता, हे जाणून घेतल्यावाचून तो पाडणे म्हणजे पिढ्यांनी जमविलेले ज्ञान राडारोड्याबरोबर फेकून देणे होय.