अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची कुळकथा

पेट्रोलची टाकी उन्हात तापली की वाफ होते आणि झाकणाच्या हवाछिद्रातून निघून जाते, हे मोटारीच्या बालपणापासून ठाऊक होते. मात्र त्या निघून जाण्याला गळती म्हणावे असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला वाटले नव्हते. हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरवणारे धुरके तयार होते, असे हॉलंडमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले, आणि उभ्या मोटारीतून निघणारी वाफही आरोपींच्या रांगेत आली.

कॅलिफोर्नियात १९७०च्या आणि उर्वरित अमेरिकेत १९७१च्या मॉडेलांपासून ही वाफ कोंडणे सक्तीचे झाले. टाकीतील वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, नेली जाते; तेथे ती कोळशाच्या असंख्य रंध्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनाच्या ओढीने कोळशातून हवा खेचली जाऊन ती वाफ इंजिनात जळते.

ही व्यवस्था किती वाफ निसटू देते हे मोजण्याची पहिली रीत भाबडी होती. वाफ जेथून बाहेर पडेल असा अंदाज होता, त्या तोंडांना कोळशाचे सापळे लावून त्यांचे वजन केले जाई, त्यामुळे अंदाजाबाहेरच्या फटीतून गेलेली वाफ हिशेबातच येत नसे. १९७८पासून संपूर्ण मोटारच हवाबंद खोलीत ठेवून खोलीतील हवा तपासली जाऊ लागली. या खोलीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘शेड’ असे आहे, पण मराठीत शेड म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या चहूबाजूंनी उघड्या पत्र्याच्या छपराशी तिचे काही साम्य नाही. सापळ्यांच्या काळातील २ ग्रॅमची मर्यादा तेव्हा ६ ग्रॅमवर नेण्यात आली, आणि तरीही नियम अधिक कडक झाला, इतकी वाफ आधी मापातून सुटत होती; १९८१मध्ये ती पुन्हा २ ग्रॅमवर आली.

तरीही खोलीत तपासली जाते ती नवी मोटार. पुढे रस्त्यावर रबरी नळीला भेग पडली किंवा झाकणाचे रबर कडक झाले, तरी गाडीची ओढ कमी होत नाही आणि चालकाला तक्रारीचे कारण मिळत नाही. म्हणून तपासनीस गाडीतच बसवावा लागला. कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने १९८९मध्ये स्वीकारलेली आणि १९९६पर्यंत अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झालेली स्वयंनिदान-व्यवस्था, म्हणजे ‘ओबीडी-२’, तो तपासनीस होय. येथे कायद्याने वाफेचे वजन सोडून छिद्राचा व्यास धरला: आधी सुमारे १ मिलिमीटर आणि २०००च्या मॉडेलांपासून क्रमाने ०.५ मिलिमीटर. व्यास निम्मा झाला, म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ चतुर्थांश झाले. अभियंत्यांची खरी कसोटी येथे लागली.

पहिल्या पद्धतीत कोळशाच्या डब्याचे हवेचे तोंड मिटून इंजिनाच्या ओढीने टाकीतील दाब उतरवतात आणि तो किती वेगाने पुन्हा चढतो ते पाहतात. परंतु गरम वा हिंदकळणारे पेट्रोल स्वतःच वाफ सोडून दाब चढवते आणि धडधाकट टाकीही गळकी भासते. म्हणून ही चाचणी टाकी फार भरलेली वा फार रिकामी असताना टाळली जाते. दुसरी पद्धत अधिक शहाणी आहे: इंजिन बंद झाल्यावर टाकी थंड होताना तिच्यात आपोआप पोकळी निर्माण व्हावी, ती झाली नाही तर कोठेतरी छिद्र आहे. बॉश कंपनीच्या पंपाने तर मापाचे छिद्रच सोबत बाळगले. तो प्रथम ०.५ मिलिमीटरच्या प्रमाण-छिद्रातून हवा ढकलतो, मग टाकीत ढकलतो आणि दोन्ही वेळी मोटरने ओढलेल्या विजेची तुलना करतो. टाकीच्या वेळी वीज कमी लागली, तर टाकीचे छिद्र प्रमाणापेक्षा मोठे.

गाडी पी-०४५६ असा संकेत देऊन अतिसूक्ष्म गळती कळवते, पण जागा सांगत नाही. त्यासाठी कारागीर खनिज तेल तापवून केलेला धूर अत्यल्प दाबाने नळ्यांत सोडतात आणि तो कोठून डोकावतो ते दिव्याच्या उजेडात पाहतात. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळून स्फोटक मिश्रण होऊ नये म्हणून धुरासोबत नायट्रोजन वापरणे सुरक्षित ठरते. पुष्कळदा धूर झाकणापाशीच दिसतो.

अमेरिकेबाहेर मात्र गाडीने स्वतःचे छिद्र शोधण्याची अशी सक्ती सुरुवातीला नव्हती: युरोपने १९९८च्या निर्देशात एवढेच मागितले की पर्ज व्हॉल्व्हची विद्युत-जोडणी तुटलेली नसावी. भारताचे ‘भारत स्टेज’ निकष युरोपच्याच वळणाने गेले, आणि येथील पेट्रोल मोटारींनाही हवाबंद खोलीतील २ ग्रॅमची मर्यादा आहे.